आयर्लंडचा ‘हाय किंग’: राजांचा राजा नेमकं काय करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या आयर्लंडमध्ये एक ‘हाय किंग’ टारा टेकडीवरून सगळ्या बेटावर राज्य करायचा असं वाचनात येतं. मग त्याचं रोजचं काम काय होतं? आणि असा सम्राट डोक्यावर असताना ११७० च्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या थोडक्या नॉर्मन सरदारांपुढे देश इतक्या लवकर कसा वाकला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. मध्ययुगीन युरोप शिकवताना हा गोंधळ माझ्यासमोर दरवर्षी येतो. राजा म्हटलं की आपल्याला राजधानी, खजिना, सुभेदार, महसुलाची दप्तरं आठवतात. आयर्लंडच्या हाय किंगकडे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. त्याच्याकडे ओलीस होते. दुसऱ्या राजांची मुलं, भाचे, पुतणे. ज्याच्याकडे ते जास्त, तो मोठा.

आधी खालून वर जाऊ. सातव्या-आठव्या शतकातलं आयर्लंड म्हणजे लहान लहान ‘तूआ’ची गोधडी. तूआ म्हणजे एक जनसमूह आणि त्याचा मुलूख, आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही बऱ्याचदा लहान. प्रत्येकाला स्वतःचा राजा. असे राजे एका वेळी दीडशेच्या आसपास असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि सगळ्या बेटाची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात. म्हणजे तीन-साडेतीन हजार माणसांमागे एक राजा. शहर एकही नाही, नाणं नाही. श्रीमंती मोजायची ती गायींत.

साधारण ७०० सालच्या ‘क्रीथ गवलाख’ नावाच्या कायद्याच्या ग्रंथात समाजातल्या प्रत्येक पायरीची प्रतिष्ठा मोजून दिली आहे. त्या माणसाचा अपमान झाला तर भरपाई किती, हे त्यावर ठरायचं. एका तूआच्या राजाची किंमत सात कुमल. कुमल म्हणजे मुळात दासी, पण हिशेबात तीन दुभत्या गायी असा साधारण भाव. अनेक तूआंवर हात असलेल्या राजाची किंमत आठ, आणि त्याच्याही वरच्या, म्हणजे प्रांताच्या राजाची चौदा. बस, शिडी इथेच संपते. ज्या ग्रंथाला राजाच्या घराची लांबी (सदतीस फूट) नोंदवावीशी वाटली, त्याला सगळ्या आयर्लंडच्या राजासाठी एक पायरी लिहावीशी वाटली नाही. डॅनियल बिंची या कायदेपंडितानं विसाव्या शतकात नेमक्या या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि हाय किंग ही बरीचशी नंतरच्या काळाची रचना असल्याचं सांगितलं. बिंची थोडे ताणतात असं माझं मत आहे, त्याकडे पुढे येतो.

याच ग्रंथात राजाच्या आठवड्याचं वेळापत्रक आहे. रविवारी बिअर पिणं, कारण जो रविवारी प्यायला घालत नाही तो खरा राजा नव्हे. सोमवारी न्यायनिवाडा. मंगळवारी ‘फिदखेल’ हा पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची शर्यत पाहणं, गुरुवारी बायकोजवळ राहणं, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा निवाडे. यात विनोद किती आणि नियम किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण त्यात काय नाही ते पाहा: महसूल नाही, कारकून नाही, हुकूमनामे नाहीत.

राजाच्या घरातली बसण्याची व्यवस्थाही त्यात दिली आहे आणि ती मला त्या समाजाचा नकाशाच वाटते. राजाभोवती चार अंगरक्षक, आणि ते कुठले? ज्यांना राजानं कैदेतून किंवा गुलामीतून सोडवलं असे, म्हणजे ज्यांचा जीवच राजाचा देणेकरी. रणांगणावर जीवदान दिलेला माणूस मात्र या कामाला नको, कारण तो सूड घेईल. मानाच्या बाजूला राजाचे सरदार, त्यांच्यानंतर ओलीस, मग न्यायाधीश, मग राणी, मग स्वतः राजा. आणि एका टोकाला बेड्या घातलेले ओलीस: ज्यांच्या माणसांनी शब्द मोडला ते. नीट वागणाऱ्या राजाचा मुलगा न्यायाधीशाच्या शेजारी बसून पितोय आणि शब्द मोडणाऱ्याचा मुलगा त्याच खोलीत साखळीत आहे. येणारा प्रत्येक पाहुणा हे बघत होता. ‘ज्याच्या बेड्यांत ओलीस नाहीत तो राजा नव्हे’ अशा अर्थाचं वचनच कायद्यात आहे. आणि पुढे सहाशे वर्षं ज्या घराण्याचं नाव गाजलं त्या ई नेलांचा मूळपुरुष कोण, तर ‘नऊ ओलिसांचा’ नील.

मोठा राजा लहान राजांना बांधून ठेवायचा ते असं. लहान राजाच्या तूआतल्या लोकांशी मोठ्याचा थेट संबंध नाही, तो त्यांच्या राजाशी. लहान राजानं ओलीस द्यायचे, बोलावलं की फौज घेऊन यायचं, गायी-डुकरं-कापड अशी खंडणी द्यायची. मोठ्यानं बदल्यात ‘तुअरस्तल’ द्यायचं: घोडे, तलवारी, ढाली, झगे, पिण्याची शिंगं, गुलाम. मोगल दरबारात खिलत अंगावर घेणं म्हणजे देणाऱ्याचं वरचेपण मान्य करणं, हे आपल्याला ठाऊक आहे. तुअरस्तलचा अर्थ तोच. म्हणून कोणी कोणाकडून घेतलं हे इतिवृत्तं आवर्जून लिहितात, आणि कोणी नाकारलं हेही. अकराव्या-बाराव्या शतकात मन्स्टर या दक्षिणेच्या प्रांतातल्या लोकांनी या देण्याघेण्याची मोठी यादीच तयार केली, ‘हक्कांचं पुस्तक’. त्यात साहजिकच मन्स्टरची राजगादी कॅशल पहिल्या मानाला आहे. तेव्हा त्यातले आकडे जमाखर्च म्हणून वाचू नका, दावा म्हणून वाचा.

आता कायदा. हा भाग फार लोकांच्या लक्षात येत नाही. राजा कायदा करत नसे. कायदा ‘ब्रेहन’ म्हणजे न्यायशास्त्र्यांच्या हाती, तो परंपरेनं आलेला, सगळ्या बेटावर बराचसा एकसारखा, एकाच भाषेत. राजे दीडशे आणि कायदा एक, असा हा उलटा देश! राजाला एवढंच करता यायचं की विशिष्ट प्रसंगी, लोकांच्या मेळ्यात, आणीबाणीचा हुकूम जाहीर करायचा: परके घुसले तर त्यांना हाकलण्यासाठी, पिकांच्या कामासाठी, किंवा धर्माचा एखादा नियम अमलात आणण्यासाठी. तिसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे ६९७ साली बर या गावी जाहीर झालेला अॅडॉमनानचा कायदा. युद्धात बायका, मुलं आणि धर्मगुरूंना मारू नये असा हा नियम. कल्पना आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख अॅडॉमनान याची, पण जामीनदार राजांच्या यादीत पहिलं नाव लोंगशेख मॅक ओएनगुसो या टाराच्या राजाचं. त्याच्याखाली इतर डझनावारी राजे, आणि धर्माधिकाऱ्यांची यादी वेगळी. हाय किंगचा उपयोग इथे दिसतो. नियम त्याचा नव्हता, पण इतक्या राजांना एका कागदाखाली बांधायला कुणीतरी पहिली सही करणारा लागतो.

टाराबद्दलही सांगायला हवं. मीथमधली ही टेकडी नवपाषाण काळापासून पवित्र मानलेली. पण आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्यात तिथे कुणी राहत नव्हतं. साधारण ८०० साली एका मठातल्या कवीनं तर ‘टाराची गढी उद्ध्वस्त झाली, आर्मा मात्र भरभराटीत आहे’ असं खुशाल मिरवलं आहे (आर्मा म्हणजे उत्तरेचं मोठं धर्मपीठ). ‘टाराचा राजा’ हा किताब होता, पत्ता नव्हे. त्याला चिकटलेल्या कल्पना मात्र जुन्या आणि ताकदवान. राजा भूमीशी लग्न करतो. तो सत्यानं वागला तर गायी दूध देतात, झाडं वाकतात इतकी फळं येतात. तो खोटा वागला तर उलट. कॉर्मॅक मॅक आर्टची गोष्ट त्यातलीच: मेंढ्यांनी राणीचं निळीचं शेत खाल्लं. राजा लुगदनं निकाल दिला, मेंढ्या जप्त. ताबडतोब घराची एक बाजू उतारावरून घसरली. पोरसवदा कॉर्मॅक म्हणाला, ‘कापणीला कापणी. झाडाचा पाला पुन्हा वाढेल, मेंढीची लोकरही पुन्हा वाढेल, तेव्हा लोकर द्या.’ घसरण थांबली आणि लोकांना आपला राजा कळला. टारावरचे उतारावरचे बांध आजही या गोष्टीशी जोडून दाखवतात.

गोष्ट पुराणातली, पण कल्पना कायद्यातही होती. राजाच्या अंगी व्यंग चालत नसे. मधमाश्यांवरचा एक कायदेग्रंथ आहे (होय, मधमाश्यांवर स्वतंत्र ग्रंथ, शेजाऱ्याच्या माशीनं डसलं तर काय इथपर्यंत). त्यात दाखला दिलाय काँगल काएखचा: माशीनं त्याचा डोळा गेला आणि त्यामुळे टाराचं राजेपण गेलं. काँगल खराखुरा माणूस, उत्तरेच्या अल्स्टरचा राजा, ६३७ साली माग राथच्या लढाईत मारला गेला. राजानं फावडं, कुऱ्हाड किंवा हातोडा हाती धरलेला दिसला तरी त्याची किंमत सामान्य माणसाइतकी व्हायची. पळताना पाठीवर वार झाला तरी तेच.

तर मग ‘आयर्लंडचा राजा’ ही नुसती बढाई होती का? इथे मी बिंचींपासून वेगळा होतो. कायद्यात पायरी नसेल, पण दावा फार जुना आहे. अॅडॉमनान सातव्या शतकाच्या शेवटी डर्मट मॅक केरवल या सहाव्या शतकातल्या टाराच्या राजाबद्दल लिहितो की देवानं त्याला सगळ्या आयर्लंडचा राजा नेमलं होतं. ६४२ मध्ये मेलेल्या डॉनल मॅक एडोला इतिवृत्त लॅटिनमध्ये ‘आयर्लंडचा राजा’ म्हणतं. हे दावे ई नेलांचे, किंवा त्यांच्या मर्जीतल्या मठांचे. आर्माच्या धर्मपीठालाही सगळ्या बेटाचं एक चर्च आणि एक राजा हवा होता, कारण त्यातलं चर्च अर्थात आर्मा! दोघांनी एकमेकांची पाठ खाजवली. साधारण ७३४ पासून टाराचं राजेपण ई नेलांच्या दोन शाखांत, मीथच्या क्लान खोलमान आणि उत्तरेच्या केनेल योगन यांच्यात, जवळजवळ आळीपाळीनं फिरत राहिलं. कुठल्या कराराशिवाय अडीचशे वर्षं अशी पाळी टिकावी हे मला आजही नवल वाटतं.

मात्र दक्षिणेकडचा मन्स्टर त्यांना जुमानत नसे. तो पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वाकवला माएल शेखनिल पहिला या ई नेल राजानं. ८५८ साली तो फौज घेऊन मन्स्टरमध्ये उतरला, समुद्रापर्यंत लूट केली आणि सगळ्या प्रांताचे ओलीस घेऊन आला. पुढच्याच वर्षी रहू इथे राजांची आणि धर्मगुरूंची सभा भरली आणि ऑसरी हे राज्य मन्स्टरकडून काढून उत्तरेच्या बाजूला जोडलं गेलं. ८६२ मध्ये तो मेला तेव्हा अल्स्टरचं इतिवृत्त त्याला ‘सगळ्या आयर्लंडचा राजा’ म्हणतं. त्याचा मुलगा फ्लान याचं नाव क्लॉनमॅकनॉइजच्या उंच दगडी क्रूसावर ‘आयर्लंडचा राजा’ म्हणून कोरलेलं आहे, शब्द झिजलेत पण जागेवर आहेत. हे नुसत्या बढाईचं काम नाही. पण बाप मेला की मुलाला ते सगळं पुन्हा जिंकावं लागायचं. ओलीस द्यायचा शब्द राजाच्या देहाला दिलेला असायचा, गादीला नव्हे.

सर्वांत मोठ्या राजालाही कुणी अडवू शकत असे, हेही लक्षात ठेवा. दर ऑगस्टच्या सुरुवातीला टेल्टाउन इथे ई नेलांचा मेळा भरायचा. घोडे, रथ, शर्यती, सौदे. तो भरवणं हाच टाराच्या राजाचा मुख्य जाहीर मान. ८११ साली तालाच्या मठानं तो बंद पाडला, कारण ई नेलांनी त्या मठाच्या आश्रयहक्काचा भंग केला होता. इतिवृत्त म्हणतं, एकही घोडा, एकही रथ तिथे पोचला नाही. मग मठाला भरपूर नजराणे देऊन प्रकरण मिटवलं गेलं. राजा होता एड ऑर्डनिड, म्हणजे कुणी लेचापेचा नव्हे.

ब्रायन बोरू या सर्वांत गाजलेल्या हाय किंगकडे मी मुद्दाम फार वेळ थांबत नाही, कारण त्याच्याबद्दल सगळीकडे मिळतं, बरंचसं चुकीचं. तो ई नेल नव्हता, मन्स्टरमधल्या डाल काश या एका मधल्या प्रतीच्या घराण्याचा. १००२ मध्ये माएल शेखनिल दुसरा त्याच्यापुढे मागे सरला आणि ई नेलांची मक्तेदारी संपली. १००५ मध्ये त्यानं आर्माच्या वेदीवर वीस औंस सोनं ठेवलं, आणि तिथल्या पवित्र ग्रंथात त्याच्या लेखनिकानं त्याच्यासमोर ‘आयरिशांचा सम्राट’ असं लिहून ठेवलं. २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे, क्लॉनटार्फची लढाई. ती ‘आयरिश विरुद्ध व्हायकिंग’ अशी रंगवतात, पण समोरच्या फौजेत पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताचा आयरिश राजाच होता. ब्रायन पडला, बाजी त्याच्याच बाजूनं मारली, आणि दुसरा माएल शेखनिल सरळ पुन्हा वर येऊन १०२२ पर्यंत राहिला. बारा वर्षांपूर्वी खाली उतरलेला माणूस परत त्याच जागी येतो, यावरून ती जागा कसली होती ते कळावं.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांतल्या राजांना इतिहासकार जुनाच शब्द लावतात: ‘विरोधासह राजा’. म्हणजे दावा आहे, पण एक-दोन प्रांत मानत नाहीत. ब्रायनच्या वंशातल्या मर्टा ओब्रायननं ११०१ मध्ये सहा आठवड्यांत सगळ्या बेटाला वेढा घालावा तशी फेरी मारली, उत्तरेचा ऐलेखचा गढीवाडा पाडला आणि सैनिकांना हुकूम दिला की शिध्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर तिथला एक दगड लिमरिकला न्या. उत्तरेच्या डॉनल मॅकलॉकलननं १०८८ मध्ये ओब्रायनांचा किंकोरा हा वाडा पाडला होता, त्याचा हा हिशेब. एवढं करूनही तो डॉनल काही शरण आला नाही.

पण याच काळात काहीतरी बदलत होतं. पश्चिमेच्या कॉनॉट प्रांताचा राजा टर्लॉ ओकॉनर शॅनन नदीवर पूल बांधतो, गॉलवे आणि अॅथलोनला किल्ले उभारतो, नदीत आरमार ठेवतो, ११२६ मध्ये डब्लिनच्या गादीवर आपल्या मुलाला बसवतो, शेजारचे मुलूख तोडून वाटून देतो. ओलीस घेऊन परतणारा जुन्या चालीचा राजा आता जमीन हातात ठेवायला लागला होता. त्याचा मुलगा रोरी ११६६ मध्ये डब्लिनमध्ये आयर्लंडचा राजा झाला. व्हायकिंग वंशाच्या डब्लिनकरांना तुअरस्तल म्हणून चार हजार गायी दिल्या, त्या वसूल केल्या सगळ्या आयर्लंडकडून. ११६९ मध्ये आर्माच्या अध्यापकाला आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वर्षाला दहा गायींची नेमणूक करून दिली. अजून दोन-तीन पिढ्या मिळाल्या असत्या तर इंग्लंड-फ्रान्ससारखं राज्य उभं राहिलं असतं का, यावर अंदाज करायचाच तर मी ‘बहुधा हो’ म्हणेन.

त्या मिळाल्या नाहीत. लेन्स्टरचा डर्मट मॅकमरो ११६६ मध्ये हाकलला गेला, परदेशातून नॉर्मन भाडोत्री घेऊन आला. रोरीनं नेहमीच्या रीतीनं त्याचा मुलगा ओलीस घेतला. डर्मटनं तरीही शब्द मोडला आणि रोरीनं ११७० मध्ये तो मुलगा मारला. जुन्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा हुकमाचा पत्ता टाकून झाला आणि डर्मट थांबला नाही, कारण त्याच्या पाठीशी आता असे लोक होते ज्यांची मुलं कुणाच्या घरात बेड्यांत नव्हती.

ऑक्टोबर ११७१ मध्ये इंग्लंडचा दुसरा हेन्री स्वतः उतरला. डब्लिनबाहेर त्याच्यासाठी तिथल्या रीतीचा, कुडाचा मोठा वाडा बांधला गेला आणि नाताळात आयरिश राजे तिथे जेवले. पानात क्रौंच पक्ष्याचं मांस होतं, जे त्यांना आवडत नसे, तरी खाल्लं. बऱ्याच जणांनी हेन्रीचं वरचेपण कबूल केलं होतं. ‘इतक्या सहज’ देश पडला असं जे वाटतं ते इथे. त्यांच्या लेखी हे शेकडो वर्षं चालत आलेलंच होतं: आज हा बलवान, त्याच्या घरी जेवू, ओलीस देऊ, उद्या दुसरा येईल. हेन्रीकडे मात्र सनदा लिहिणारे कारकून होते, आणि तो त्याच राजांच्या जमिनी आपल्या सरदारांना लिहून देत होता.

११७५ च्या विंडसर तहात रोरीला नॉर्मनांच्या ताब्याबाहेरच्या आयर्लंडचा राजा मान्य केलं गेलं, हेन्रीचा मांडलिक म्हणून. खंडणी ठरली कापलेल्या दर दहा जनावरांमागे एक कातडं. तह काही वर्षंही धड टिकला नाही. ११८३ मध्ये रोरी कॉनॉटच्या गादीवरून बाजूला झाला, ११९८ मध्ये वारला. त्यानंतर आयर्लंडच्या राजेपणाचा दावा घेऊन कुणी आलं नाही असं नाही, १२५८ मध्ये उत्तरेच्या ब्रायन ओनीलला काही राजांनी पुढे केलं होतं. दोन वर्षांनी तो डाउनपॅट्रिकजवळच्या लढाईत मारला गेला.